बारावा नंबर जानीचा

दीप्ती राऊतला गणिताची भारी हौस. पण डहाणूच्या आरोग्य कचेरीत नोकरी लागली आणि तिच्या वाट्याला गणिताऐवजी नुसत्या बेरजा आल्या. गावोगावचे आकडे यायचे, दीप्ती त्यांची सरासरी काढायची, हेडक्लार्क गोविंदराव सही ठोकायचे आणि कागद ठाण्याला जायचा. दोन वर्षं हाच रतीब. म्हणून एक्क्याण्णव साली तलासरीकडच्या एका आश्रमशाळेतल्या लाडवांचं काम आलं, तेव्हा तिला केवढा तरी हुरूप आला.

काम सोपं होतं. अशक्त मुलींना रोज एक नाचणी-गुळाचा लाडू द्यायचा आणि त्यानं रक्त वाढतं का ते बघायचं. ठाण्याच्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम असा की, बारापैकी सहाजणींना लाडू द्या, सहाजणींना देऊ नका, मग तुलना करा. कागदावर हुकूम फक्कड होता. पण लाडू वळायचे होते शाळेत स्वयंपाक करणाऱ्या चंपामावशीनं. शाळेच्या चुलीपाशी ती दीप्तीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“एका पंगतीत बसलेल्या पोरी. एकीच्या ताटात लाडू न् दुसरीच्या नाय? मना नाय जमायचा. साहेबाला सांग, तूच येऊन वाढ.”

साहेब काही वाढायला आले नाहीत. बाराहीजणींना लाडू मिळाला. मग तुलना उरली ती प्रत्येकीची तिच्याशीच. जुलैत बोटाला टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन मोजलं, डिसेंबरात पुन्हा मोजलं.

डिसेंबरचे आकडे आले आणि दीप्तीचा चेहरा पडला. दहाजणींचं रक्त वाढलं होतं, कुणाचं थोडं, कुणाचं बरंच. एकीचं नखभर उतरलं होतं. आणि जानी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचं दहाच्या वरून धाडकन सहाच्या खाली. त्या एकटीपायी सगळ्यांची मिळून सरासरी वाढ चिमूटभर निघाली. शुक्रवारी डॉक्टरसाहेब यायचे होते. वाढ दिसली तर लाडू चालू राहणार, नाहीतर बंद.

“दीप्तीबाई, एवढा काय घोर लावून घेता?” गोविंदराव म्हणाले. “ही एक पोर काढून टाका. मोजताना गैरहजर, असा शेरा मारा. मग बघा सरासरी कशी टुणकन उडी मारते.”

दीप्तीला मोह झाला नाही असं नाही. पेन्सिल त्या ओळीवर टेकलीसुद्धा. पण मावशीनं जिला पंगतीतून उठवलं नसतं, तिला आपण कागदावरून उठवायचं, हे काही तिच्या मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातलं जुनं पुस्तक घेऊनच आली. त्यातली एक कसोटी सरासरीच्या वाटेलाच जात नसे. प्रत्येकीचा फरक काढायचा, वाढ की घट ते तूर्त विसरायचं आणि फरकांना नंबर द्यायचे. सगळ्यात छोट्या फरकाला एक, सगळ्यात मोठ्याला बारा. मग फक्त घटलेल्यांच्या नंबरांची बेरीज करायची. ती जितकी लहान, तितका वाढीवर भरवसा जास्त. एखादी कितीही खाली घसरो, तिला बाराच्या वर नंबर मिळत नाही, त्यामुळे एकटीला सगळ्यांना बुडवता येत नाही. नखभर उतरलेल्या मुलीला पडला एक, जानीला बारा. बेरीज तेरा. पुस्तकामागच्या तक्त्यात पाहिलं, तर बाराजणींसाठी तेरापर्यंत चालत होतं. चौदा झाले असते तर आटोपलंच होतं.

“बसलं!” ती एवढ्यानं ओरडली की गोविंदरावांच्या बशीतला चहा हिंदकळला.

“जानीला ठेवून?”

“ठेवून!”

“मग त्या पुस्तकवाल्याला आमचा नमस्कार सांगा.”

दीप्तीनं मुलींचा तक्ता सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिला, मोठ्या नंबरापासून लहानापर्यंत. त्यामुळे पहिलंच नाव आलं जानीचं. ते लिहिता लिहिता तिचा हात थांबला. दोन दिवस आपण जानीच्या आकड्याचं काय करायचं याचा खल करतोय, पण जानीला झालंय काय, हे आपण कुणालाही विचारलेलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी सकाळीच तिनं तलासरीची एस.टी. धरली. जानी वर्गाबाहेर उन्हात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दीप्तीनं कपाळाला हात लावला तर चटका बसला.

“कधीपासून ग?”

चंपामावशी धावत आली, तिनंही हात लावून पाहिला आणि रागावलीच. “दिवाळीपासून सुकत चाललीस तू. ताप हाय ता सांगायला काय झाला होता?”

जानी खाली बघत म्हणाली, “सांगितला का तू पेज देते. लाडू नाय देत.”

तापकऱ्याला नुसती पेज, हा मावशीचा चुलीइतकाच जुना नियम. पोर रोज थंड पाण्यानं तोंड धुऊन पंगतीत बसत होती. मावशी मटकन खाली बसली. “माझ्याच लाडवापायी,” एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. दीप्तीला त्या ओळीवर टेकलेली पेन्सिल आठवली. गोविंदरावांचं ऐकून ती ओळ खोडली असती, तर कागद छान दिसला असता आणि जानी तशीच उन्हात बसून राहिली असती.

जीप मागवली. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात निदान झालं, मुरलेला हिवताप; त्यानंच रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून महिना गेला असता तर अवघड होतं.

शुक्रवारी साहेबांनी तक्ता पाहिला. “काठावर पास की हो!” म्हणून हसले आणि लाडू चालू ठेवायचा हुकूम लिहून दिला. तो हुकूम घेऊन दीप्ती दवाखान्यात गेली, तर चंपामावशी आधीच खाटेशी बसली होती. तिच्या हातातल्या वाटीत पेज होती आणि त्या पेजेत अख्खा लाडू कुस्करलेला.

जानीनं वाटीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

“मना ताप हाय, मावशी,” ती हळूच म्हणाली.

“ठावा हाय,” मावशी म्हणाली. “खा.”