अलीकडची, पलीकडची आणि लाल बाण

कारखान्यात तिला सगळे तपासनीसबाई म्हणत, आणि ते काही आदराने म्हणत नसत. शिवून झालेला शर्ट शेवटी तिच्या टेबलावर येई. तिच्या डाव्या हाताशी लाल बाणांच्या चिकटपट्ट्यांचं पान असे. उसवलेली शिवण, सूतभर वर गेलेलं काज, सुटलेला धागा, जिथे दोष तिथे एक बाण, आणि शर्ट परत. दिवसाला सातशे शर्ट, आणि अशी एकोणीस वर्षं. एवढी वर्षं दुसऱ्याच्या चुकांकडे बोट दाखवलं की ते बोट पुन्हा वाकत नाही. नवऱ्याचं घोरणं, शेजारणीची सून, डॉक्टरचं अक्षर, कोणीही तिच्या नजरेखालून बाणाशिवाय सुटत नसे.

अशा बाईला घर घ्यायचं होतं. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. ती राहत होती चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत लिफ्ट होती ती फक्त नकाशात. आई गेल्यापासून तिचे वडील, अण्णा, तिच्याकडेच होते. अण्णा निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी सायकलवर आणि पायी टपाल वाटलं. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. सपाट जमिनीवर काठी घेऊन चालता येऊ लागलं, पण जिना काही जमेना. सात महिने झाले, अण्णा खाली उतरले नव्हते. सगळी गल्ली मिळून चालली नसेल एवढं चाललेला माणूस खिडकीत बसून गल्लीची चाल बघत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तळमजल्यावर घर बघा, रोज बाहेर चालू द्या, नाहीतर हे पाय चालणं विसरतील.

शहराच्या टोकाला एक रुंद रस्ता होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वसाहती. शहरातून जाताना आधी लागे ती अलीकडची, रस्ता ओलांडला की पलीकडची. दोन्ही एकाच कंत्राटदाराने, एकाच वर्षी, एकाच नकाशावरून बांधलेल्या. विटा त्याच, खिडक्या त्याच, आणि स्वयंपाकघरातला नळ दोन्हीकडे सारखाच उलटा फिरणारा. पण हे अलीकडच्यांना सांगायची सोय नव्हती. मध्ये रस्ता आहे हेच मुळी त्यांचं भाग्य, असं ते मानत.

घर शोधायला निघाले त्या पहिल्याच दिवशी अण्णांनी आपलं मत दिलं होतं. दोन्हीकडे त्यांनी चौदा वर्षं टपाल टाकलं होतं. "पलीकडची घ्या," ते म्हणाले. "अलीकडे दाराला पत्रांची फट असते. पलीकडे दार उघडतं." तपासनीसबाईंनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. पत्र टाकणं वेगळं आणि पारखणं वेगळं, असं तिचं म्हणणं.

म्हणून शहरातली घरं धुंडाळून झाल्यावर आधी अलीकडची. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहून घेतलं. घर घेणे हे कामाचं स्वरूप त्याला पटलं नसावं, कारण त्याने वर फोन करून विचारलं. वसाहतीचा अध्यक्ष हा दातांचा निवृत्त डॉक्टर होता. समोरच्याने तोंड उघडलं की तो फक्त दातांकडे बघत राही, आणि मग स्वतःच बोले. त्याने एकोणीस पानांची नियमावली हातात ठेवली. दारं सगळी एका रंगाची. वाळत घातलेलं कापड रस्त्यावरून दिसता कामा नये. हिरवळ बघण्यासाठी आहे, चालण्यासाठी नाही. वडिलांना सकाळी दारात खुर्ची टाकून बसता येईल का, असं तिने विचारलं. खुर्ची मागच्या बाजूला, तो म्हणाला. पुढची बाजू सर्वांची असते. आपल्याला पलीकडच्यांसारखं करायचं नाही. 'पलीकडच्यांसारखं' हा शब्द त्याने अर्ध्या तासात सहा वेळा वापरला. तिने मोजला होता.

ज्या घराचा त्याला एवढा तोरा, त्याच्या छताला ओल होती आणि दोन खिडक्या बंदच होत नव्हत्या. बडा घर, पोकळ वासा. तिने पर्समधून बाणांचं पान काढलं आणि जिथे दिसलं तिथे लावत गेली. ही तिची रीतच होती. कुठल्याही घरात शिरली की ती पुढे बाण लावत जाई आणि नवरा मागून वहीत टिपून घेत एकेक बाण काढत येई. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर काच घासून माणूस एक तर वैतागतो किंवा शांत होतो. तो शांत झाला होता. अशी एकतीस घरं त्याने तिच्यामागून स्वच्छ केली होती. घरवाल्यांना कधी कळलंसुद्धा नाही.

मग रस्ता ओलांडून पलीकडची. इथे फाटक होतं, पण त्याला सायकली टेकवलेल्या असल्यामुळे ते मिटत नव्हतं. गाडी उभी करेपर्यंत चौघांनी विचारलं, कोणाकडे, कशाला, किती माणसं. एक बुवा दारात बसून मिक्सर दुरुस्त करत होता आणि तीन बायका त्याला कसा करायचा ते सांगत होत्या. मिक्सर त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. अलीकडच्यांचा विषय निघाला तेव्हा एकीने सांगितलं की तिथे मरायचं झालं तरी आधी पहारेकऱ्याच्या वहीत सही करावी लागते. बाकीच्या मनापासून हसल्या. त्या विनोदाला बरीच वर्षं झाली असावीत. अलीकडच्यांना शिस्तीचा माज, यांना साधेपणाचा. माज तो माजच, फक्त इथे तो दारात खुर्ची टाकून बसलेला होता.

कोपऱ्यावरचं घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. त्या आता बहिणीकडे राहायला जाणार होत्या. तळमजला, एकही पायरी नाही, पुढे सपाट गल्ली, आणि दर दहा पावलांवर एकेक बसलेलं माणूस. अण्णा थकले तर टेकायला गल्लीभर खुर्च्या. नर्सबाईंनी घरात कोण कोण राहणार ते विचारलं, आणि पोस्टमन म्हटल्यावर त्या थांबल्या. उंच होते का, त्यांनी विचारलं, एका हाताने सायकल धरून चालायचे ते? तेच, आता खुबा मोडून काठीवर आलेले. रात्रपाळी करून त्या दिवसा झोपत, म्हणून हा पोस्टमन कधी बेल वाजवत नसे, पत्रं खिडकीत ठेवून जाई. चौदा वर्षांत एकदाही झोपमोड केली नाही, त्या म्हणाल्या. दुसरं एक जोडपं घर मागून गेलं होतं, पण नर्सबाईंनी सांगितलं, तुम्ही विचार करा, मी थांबते.

शहाण्या माणसाने तिथेच हो म्हटलं असतं. तपासनीसबाईंनी चौदा दोष काढले. फरशीची एक रेघ वाकडी. दाराची कडी ढिली. शेजारी नाक खुपसणारे. तिने दोन रविवार विचार केला आणि त्या दोन रविवारी आणखी तीन घरं बघितली. नवऱ्याने त्या तीनही घरांमधले बाण काढले आणि दुसऱ्या रविवारी घरी येताना तो गाडीत म्हणाला, "तू शर्ट बघतेयस. घर बघत नाहीयेस." तो असं बोलला म्हणून ती चमकली. रात्रभर तिने विचार केला आणि दगडापेक्षा वीट मऊ एवढंच मान्य केलं. पलीकडचीच घेऊ या, ती म्हणाली, पण पसंत पडली असं कोणाला सांगू नका.

तिसऱ्या रविवारी ती दोघं ठरवायला गेली. नर्सबाईंनी चहा केला. बोलणं झालं, तारीख ठरली, हातात हात दिला गेला. नवऱ्याला राहवेना. तो अण्णांना कळवायला फोन घेऊन गल्लीत गेला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या दोघांना हाताशी घ्यायचं, अण्णांना खुर्चीत बसवून खाली उतरवायचं, गाडीत घालायचं आणि घर दाखवायला आणायचं, असा त्याचा बेत होता.

नर्सबाई कप विसळायला आत गेल्या. ती एकटी राहिली. शेवटची एक नजर टाकावी म्हणून ती उठली, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही, तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला. कडीला एक. फरशीला एक. खिडकीच्या उडालेल्या रंगाला दोन. इथे तिथे आणखी सात. न्हाणीघरात कमोडशेजारी भिंतीत स्टीलची एक दांडी होती, धरून उठण्यासाठी. ती मागच्या वेळी नव्हती. तिने वाकून पाहिलं. खालचा एक स्क्रू तिरका गेला होता. तिने बाण लावला आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली. बाण काढत येणारा माणूस आज मागे नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

थोड्या वेळाने नर्सबाई आतून आल्या. त्यांच्या डाव्या तळव्यावर लाल बाण ओळीने चिकटवलेले होते. अकरा. बारावा उजव्या हाताच्या बोटावर होता, तो त्यांनी तिच्यासमोर धरला.

"हा दांडीवरचा," त्या म्हणाल्या.

कामाची सवय आहे, हातून होऊन जातं, मनात काही नसतं, असं ती बरंच काही बोलली. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आजाऱ्यांचं बोलणंही त्यांनी जन्मभर असंच ऐकून घेतलं असणार.

"दांडी मी काल बसवली," त्या म्हणाल्या. "स्वतः. तुमच्या वडिलांची उंची मला अंदाजाने आठवत होती, म्हणून घर सोडायच्या आधी बसवून ठेवली. चाळीस वर्षं मी माणसांना धरून न्हाणीघरात नेलंय. दांडी कुठे लागते ते मला कळतं. स्क्रू तिरका गेला, खरंय. भिंत कडक होती."

तिने पर्समधलं बाणांचं पान आणखी आत दडपलं.

"या गल्लीत माझी माणसं आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "कोणी जास्त बोलतं, कोणी नको तिथे बघतं. त्यांना रोज बाण लागलेले मला नको आहेत. ते दुसरं जोडपं आहे, त्यांना मी आजच कळवते." मग दाराकडे जाता जाता त्या थांबल्या. "वाईट फक्त तुमच्या वडिलांचं वाटतं."

नवरा तेवढ्यात हसत आत आला. अण्णांनी शेजारच्या काकूंना हाक मारून बूट घालून घेतले, असं तो सांगत होता. अर्धं सांगून झाल्यावर त्याने नर्सबाईंचा तळवा पाहिला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

परतताना रस्त्याच्या एका बाजूला अलीकडची आणि दुसऱ्या बाजूला पलीकडची सरकत गेली. दोन्हींना इतके दिवस नाकं मुरडली, आता दोन्हीकडे जागा नव्हती. एका वसाहतीने नियमावलीने दार लावलं होतं, तर दुसरीचं उघडं दार तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला निघालेल्या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ एका नर्सने हातावर काढून दाखवलं. एरवी प्रत्येक घर नाकारल्यावर नवरा म्हणायचा, पुढच्या रविवारी बघू. या वेळी त्याने तसं म्हटलं नाही.

चार मजले ती चढली. दार उघडंच होतं. अण्णा दाराजवळ खुर्ची ओढून बसले होते. अंगात धुतलेला शर्ट, मांडीवर काठी, पायात सात महिन्यांपूर्वी काढून ठेवलेले बूट. काकूंनी नाड्या घट्ट बांधल्या होत्या. बुटांना पॉलिश होतं, आणि ते बहुधा अण्णांनी स्वतः बसल्या बसल्या केलं होतं, कारण त्यांच्या बोटांना काळं लागलेलं होतं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे येऊन उंबऱ्यातच थांबलेल्या जावयाकडे पाहिलं. चौतीस वर्षं दारात उभं राहून त्यांनी माणसांना वाईट बातम्या दिल्या होत्या. पाकीट न फोडता आत काय आहे ते त्यांना कळत असे.

"या वेळी काय निघालं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. घर ओलं होतं, कागद साफ नव्हते, काहीही. पण तिला ते जमलं नाही.

"न्हाणीघरात तुमच्यासाठी दांडी बसवली होती," ती म्हणाली. "तिचा एक स्क्रू तिरका होता."

अण्णांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही पाय तिच्यापुढे थोडे सरकवले.

"बूट काढ मग," ते म्हणाले. "मला वाकता येत नाही."