मला चालत जाऊ द्या

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. मी भिंतीतली खिडकी नव्हे. धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाला जोडलेला मोठा पडदा टांगलाय, त्याच्यावरची मी एक निळी चौकट. माझ्या अंगावर पेशंटचं नाव असतं. आम्ही दहा-बारा जणी रांगेत उभ्या असतो, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि रांगेच्या टोकाला डॉक्टरांच्या खोलीच्या दाराचं चित्र आहे.

मला जळगावच्या समाधान नावाच्या प्रोग्रॅमरने बनवलं. सुरुवातीला मी फार वाईट चालायचे, धक्के खात, लुकलुकत. समाधान वैतागायचा, पण त्याने मला टाकलं नाही. दवाखान्यातला संगणक जुना, मध्येच अडखळणारा. म्हणून कुठल्या क्षणी मी कुठे असायला हवं, हे त्याने घड्याळावरून ठरवलं, म्हणजे संगणक अडखळला तरी मी वेळेवर योग्य जागी. माझं चित्र आधी आडोशाला पुरतं काढून मगच पडद्यावर ठेवायचं, म्हणजे लुकलुक बंद. निघताना सावकाश, मध्ये भरभर, थांबताना पुन्हा सावकाश. असं चालायला शिकले तेव्हा मला अभिमान वाटला होता. का वाटू नये?

तो नखरा नव्हता, मित्रांनो. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात. बाहुली मोठी होते आणि अक्षरं पुसट होतात. थेंब घालण्याआधी दिपमाला सिस्टर प्रत्येकाला बोटाने दाखवायच्या, "ती खिडकी तुमची. तिच्यावर नजर ठेवा." मग अक्षरं गेली तरी माणूस नजरेने माझ्या मागोमाग यायचा. डोळ्याला मार लागलेला कुणी आला की त्याची चौकट मध्ये घालत, आम्ही सरकून जागा देत असू, तरी कुणाची चुकामूक होत नसे. मी दारात पोचले की माणूस उठायचा.

मग रुपचंदभाऊ व्यवस्थापक म्हणून आले. आल्या आल्या म्हणाले, "हे काय वरातीसारखं चाललंय? फटाफट दिसलं पाहिजे!" आणि मला चालायला लागणाऱ्या वेळेच्या जागी त्यांनी संगणकात शून्य टाकलं. माझे पायच गेले. आता मी एका जागी नाहीशी होते आणि दुसऱ्या जागी उगवते. काय वाचलं यातून? आतला पेशंट तपासून झाल्याशिवाय बाहेरचा आत जातो का? या बिनडोक घाईचा मला संताप येतो.

गेल्या बुधवारी साक्रीकडच्या भागाबाई आल्या. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला, आणि उरलेलाही साखरेच्या आजाराने अधू होत चाललेला. तो पाहणारे डॉक्टर फक्त बुधवारी येतात. भागाबाईंचं नाव माझ्या अंगावर होतं. थेंब पडले. तेवढ्यात एक जखमी माणूस आला, त्याची चौकट मध्ये घातली आणि आम्ही सगळ्या एकदम इकडच्या तिकडे झालो. भागाबाई दुसरीच चौकट धरून बसल्या. मी दारात जाऊन उभी राहिले, पण मला हाक मारायला तोंड कुठे आहे? आतून कुणीतरी 'गैरहजर' म्हणून मला पुसून टाकलं. त्या तर समोरच्याच बाकावर बसल्या होत्या!

सगळे गेल्यावर दिपमाला सिस्टर थेंबांच्या खोलीतून बाहेर आल्या. "अक्का, तुम्ही अजून इथेच?"

"माय, मना नंबर लागना का?" भागाबाई अहिराणीत म्हणाल्या. "कवयनी वाट देखी राहिनू. पहिले ती सरकत सरकत ये. आते कोनती मनी शे, काहीच समजत नही."

डॉक्टर निघून गेले होते. सिस्टर तडक रुपचंदभाऊंकडे गेल्या. "भाऊ, तुमच्या डोळ्यांत थेंब घालते. त्या बाकावर बसा आणि तुमची खिडकी कोणती ते मला सांगा."

भाऊ हसले. "पेशंटने लक्ष नको का द्यायला, सिस्टर?"

लक्ष! ती बाई तासन्‌तास पापणी न लवता बसली होती.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या खिडक्या बनवेल, कुणी रुपचंदभाऊंच्या खुर्चीत बसेल. एखादी गोष्ट उगाच वाटली, तर काढून टाकण्याआधी तिच्यावर कुणाची नजर लागली आहे ते बघा. खुर्चीवरून नाही, बाकावर बसून बघा.

आज पुन्हा बुधवार आहे. भागाबाई आल्या आहेत, त्यांचं नाव पुन्हा माझ्याच अंगावर आहे, त्यांच्या डोळ्यात थेंब पडले आहेत आणि सिस्टर आत दुसऱ्या पेशंटपाशी आहेत. समाधानने शिकवलेलं चालणं मी विसरलेले नाही. फक्त ते शून्य काढा. माझ्यापुढे आता दोनच चौकटी उरल्या आहेत आणि भागाबाई त्यांच्या एकुलत्या डोळ्याने मला धरून बसल्या आहेत. मला चालत जाऊ द्या.