भिंतीकडचे डॉक्टर

कोक-साय गावच्या इस्पितळात सकाळच्या बैठकीला शिकाऊ सर्जन पुढे खुर्च्यांवर बसायचे, आणि शिकाऊ फॅमिली डॉक्टर मागे भिंतीला टेकून उभे. असा नियम कुणी केला नव्हता, पण मोडतही नव्हतं कुणी. सर्जन त्यांना 'सर्दीवाले' म्हणायचे. त्यांच्यातला एर्निस तर भिंतीकडच्या बुरुलला तोंडावर विचारायचा, पाच जणांना शिंका आल्या की तुम्ही परीक्षा पास होता का गं?

काल दुपारी वरच्या कुरणावरून सतरा वर्षांची एक मुलगी आणली. पोट दगडासारखं, उलट्या थांबेनात. एर्निसने अपेंडिक्स ठरवलं आणि टेबल तयार करायला सांगून मोकळा झाला. बुरुल मुलीच्या आईजवळ बसली. खाणं किती, झोप कशी, असं विचारत राहिली. आई म्हणाली, महिनाभर पोरगी चहाच्या किटल्याच्या किटल्या रिकाम्या करतेय, तरी वाळतच चाललीय. बुरुलने बोटाला सुई टोचून साखर बघितली. यंत्राने आकडासुद्धा दाखवला नाही, नुसतं 'फार जास्त'. पोटाचं दुखणं अपेंडिक्सचं नव्हतंच, साखरेचं होतं. त्या अवस्थेत भूल दिली असती तर पोरगी टेबलावरून उठलीच नसती.

आणि आज एर्निस बैठकीत नोंदवहीतून वाचत होता, मधुमेहाचं निदान शस्त्रक्रिया विभागाने वेळेत केलं.

बुरुलचे कान तापले. आत्ता गप्प बसलं तर भिंतीकडच्या सगळ्यांच्या कपाळी 'सर्दीवाले' कायमचं.

"मी केलं," ती म्हणाली. "बुरुल. फॅमिली डॉक्टर, पहिलं वर्ष."

मुख्य सर्जन साबीर, ज्यांना सगळे आदराने 'आगाय' म्हणत, मागे वळले. खरं का, त्यांनी एर्निसला विचारलं. त्याने कशीबशी मान हलवली.

"मग तू तिथे काय करतेस पोरी? माझ्याकडे एक जागा आहे. उद्यापासून पुढे बस."

पुढची रांग गार पडली. त्या जागेसाठी सगळे झुरत होते. खोटं कशाला सांगा, क्षणभर बुरुललाही मोह झाला.

"नको, आगाय. मी सर्जन असते तर मीही नुसतं पोटच बघितलं असतं. नाव तेवढं बरोबर लिहायला सांगा."

आगाय मिशीत हसले आणि त्यांनी एर्निसपुढे पेन सरकवलं. त्याने खोडून नवीन ओळ लिहिली, वाचली. 'फॅमिली डॉक्टर' म्हणताना आवाज पार घशात गेला.

"एर्निस, मागे ऐकू नाही आलं," बुरुल म्हणाली. भिंतीला टेकलेले चौघेही आता ताठ उभे होते.

एर्निसने घसा खाकरला आणि पुन्हा वाचलं. या खेपेला खणखणीत.