अंगाऱ्याच्या पुड्या आणि माझा ताप

मी बोलतोय तो रत्नागिरीतल्या मांडवीच्या एका घरातून, खिडकीखालच्या टेबलावरून. मी दुकानात तयार झालेला संगणक नव्हे. माझा जन्म ह्याच घरात, जमिनीवर पसरलेल्या जुन्या चादरीवर झाला. २००२ च्या दिवाळीत घरच्या लेकीच्या मामांनी मुंबईहून सुटे भाग पाठवले आणि इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या त्या लेकीने, मनस्वीने, ते आपल्या हातांनी जोडून मला उभं केलं. माझी पेटी जुनी होती. मागची एक पत्र्याची पट्टी गहाळ, तिथे दोन बोटांची फट. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून तिने मला चालवणारं लिनक्स माझ्यात घातलं.

"सांधलेल्या होडीने कोण दुबई गाठतो?" तिचे वडील, महिपतराव, हसून म्हणाले. मनस्वीची आई काशीबाई मात्र तबक घेऊन आल्या. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, समोर साखर ठेवली. त्या दिवसापासून मी त्या घरातलाच झालो.

पुढच्या एप्रिलात मनस्वीची शेवटची परीक्षा होती. त्यातल्या प्रकल्पासाठी बारा वर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून पुढचा अंदाज काढायचं गणित तिने मांडलं होतं. ते मला सलग चौदा तास सोडवायचं होतं. मधे बंद पडलो, तर पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजातला संगणक इतका वेळ कुणाला मिळतो? परीक्षकांपुढे उत्तर आलं नाही तर तिचं वर्ष बुडणार होतं.

पहिल्यांदा मी बंद पडलो तो निव्वळ लाइट गेली म्हणून. मनस्वीने तरी झाकण उघडून सगळं तपासलं, पंखा फिरतोय ना पाहिलं आणि स्क्रू घट्ट आवळले. पण लेकीचे डोळे भरलेले काशीबाईंना दिसले. त्यांनी परीक्षा पार पडेपर्यंत भात सोडला. कोकणातल्या बाईने भात सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी भैरीच्या देवळातून अंगारा आणला, कागदाची पुडी बांधली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या मागच्या फटीतून आत सारली.

मी दचकलो. पुडी घरंगळत थेट माझ्या पंख्यावर येऊन बसली. पंखा वारा आत ओढतो, तसा त्याने कागदही घट्ट ओढून धरला. माझा जीव गुदमरू लागला. तीन तासांत मी स्वतःहून बंद पडलो. तापून जळण्यापेक्षा बंद पडावं, एवढंच मला शिकवलेलं.

काशीबाईंनी दुसरी पुडी टाकली. मग तिसरी. जितका मी बंद पडे, तितकी त्यांची श्रद्धा वाढे, आणि जितकी श्रद्धा वाढे तितका मी तापे. एवढी माया आणि एवढा घात एकाच हाताने होतोय, हे बघून मी सुन्न झालो होतो. सांगणार कुणाला आणि कसं?

मनस्वीने एकेका गोष्टीवर संशय घेतला. वायर बदलली, लिनक्स पुन्हा घातलं, टेबलफॅन माझ्याकडे वळवला. आत बघायचं मात्र तिच्या मनातही येईना. आत तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना! शेवटी माझं तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्राम तिने बसवला. आकडा आला चौऱ्याण्णव. तिला वाटलं, आकडाच खोटा असणार.

परीक्षेला दोन दिवस उरले. सकाळीच ती माझ्यापुढे डोकं धरून बसली होती. काशीबाई चहा घेऊन आल्या, पडद्यावर वाकल्या.

"ताप चौऱ्याण्णव? मग कसला ताप गो? माणसाचा अठ्ठ्याण्णव असतो. हा तर गार पडलाय."

"आई, तो थर्मामीटर वेगळा. ह्या मापात शंभराला पाणी उकळतं."

काशीबाईंनी कप टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्या मागच्या फटीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "आत कागद असला, तर पेटेल का?"

मनस्वीने मान वर केली. "कागद कुठून असेल?"

"मीच टाकल्यात गो, मनू. पाच पुड्या."

स्क्रू निघाले. एक पुडी पंख्याला चिकटलेली, वाळून पापडासारखी कडक. बाकीच्या तळाशी, आणि पंख्याखालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या पात्यांत राख भरलेली. मनस्वी बघतच राहिली. मला वाटलं, आता ती आईला नाही नाही ते बोलेल. महिपतरावही दारात थिजले. काशीबाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

मनस्वीने पुड्या उचलून आईच्या ओंजळीत ठेवल्या. "आई, देवाला बाहेरून सांग. आतलं मी बघते."

तिने जुन्या ब्रशने राख झाडली आणि गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. झाकण उघडंच ठेवलं. दिवसभर काशीबाई माझ्याजवळ बसून होत्या, दर अर्ध्या तासाने आकडा मोठ्याने वाचत होत्या. एकावन्न. त्रेपन्न. बावन्न. तिन्हीसांज उलटून रात्र झाली तेव्हा पडद्यावर उत्तर उमटलं. त्या घरात कुणी ओरडलं नाही. महिपतरावांनी बायकोचं पान वाढलं आणि त्यावर भात घातला. त्या म्हणाल्या, परीक्षा व्हायचीय अजून, आणि भात बाजूला सारला.

मनस्वी पास झाली. आज २००९ साल आहे, ती पुण्याला नोकरी करते. मी म्हातारा झालोय. तिची ई-मेलची पत्रं काशीबाई माझ्यावरच वाचतात. आज सकाळी मात्र माझा आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला. आत काहीही अडकलेलं नाही. आता वयच झालं, हे मला कळतंय. तुम्हाला एकच विनवणी करतो. घरातलं कुणी तापलं, तर नवस जरूर बोला, पण जवळ बसून काय होतंय ते आधी विचारा. आमच्यासारख्यांना तर बोलताही येत नाही.

काशीबाईंनी आकडा पाहिला, दचकल्या. देवघराकडे दोन पावलं गेल्या, आणि मागे वळून आधी मनस्वीला फोन लावला.