बांधून ठेवलेले शून्य

मित्रांनो, गुणफलकाने स्वतःविषयी बोलू नये असा संकेत आहे. त्याने आकडे दाखवावेत आणि गप्प उभे राहावे. मीही आजवर तेच केले. पण सध्या माझ्यावर एकही आकडा नाही, मैदानावर कुणी माणूस नाही, आणि समोरच्या जाळीत एक मांजर झोपले आहे. ते ऐकत असेल तर ऐको. मी एक जुना लाकडी गुणफलक आहे, आणि आमच्या फुटबॉल क्लबच्या सर्वांत वाईट हंगामात सगळ्यांनी सर्वांत जास्त वेळ माझ्याकडेच पाहिले.

माझा जन्म खोक्यातून झाला. क्लबने गवत कापायचे यंत्र आणले होते, ते ज्या खोक्यातून आले त्याच्या फळ्यांचा मी बनलो. यंत्र लवकरच बिघडले, खोके टिकले. माझ्या पाठीवर अजूनही 'ही बाजू वर' असे छापलेले आहे आणि त्याचा बाण जमिनीकडे दाखवतो, कारण सुताराने मला उलटे जोडले. म्हणजे मी जन्मापासून डोक्यावर उभा आहे. अशा माणसाला हार आणि जीत सारखीच दिसायला हवी. मला ती तशी कधीच दिसली नाही.

सुताराने मला हिरवा रंग दिला. डावीकडे 'आम्ही' असे लिहिले, उजवीकडे 'पाहुणे'. दोन्हींखाली एकेक लोखंडी हूक ठोकला. शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे पत्र्यावर रंगवून त्यांना वरच्या बाजूला भोक पाडले. मग मला मैदानाच्या एका टोकाला, गोलखांबांच्या मागे उभे केले आणि शेजारी एक शिडी लावली.

त्या शिडीवर चढणाऱ्यांना सगळे काका म्हणत. एरवी ते कुलपे दुरुस्त करत. किल्ली हरवलेले कपाट असो की दारात अडकलेले बोट, आसपासचे सगळे त्यांच्याकडेच येत. काका उघडू शकले नाहीत अशी वस्तू नाही, असे लोक म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे फार त्रास देणार आहे. खाली आकड्यांच्या पेटीवर काकू बसत आणि हवा तो पत्रा वर देत. सामना संपला की काका सगळे आकडे उतरवत, कोरड्या फडक्याने पुसत, दोन्ही हुकांना तेलाचा थेंब लावत आणि मला कोरा करून घरी जात.

"अहो, राहू द्या की आजचा दिवस. आपण जिंकलोय," काकू एकदा म्हणाल्या होत्या.

"संपलेला सामना लटकवून ठेवायचा नाही," काका म्हणाले. "जिंकलेला असो नाहीतर हरलेला."

तेव्हा आम्ही खालच्या श्रेणीत खेळत होतो आणि तिथे आमचे बरे चालले होते. आमचा एक प्रघात होता. आमचा गोल झाला की आमचा सगळा संघ माझ्याकडे धावत यायचा, ओळीने उभा राहायचा आणि हात वर करायचा. काका नवा आकडा उंच धरून दाखवायचे, हुकावर टाकायचे, पत्रा 'टण्ण' वाजायचा आणि मग सगळे आपापल्या जागी परतायचे. चुटकीसरशी व्हायचे सगळे. पाहुणे बिचारे थांबायचे. काही तर टाळ्याही वाजवायचे.

त्या संघात एक आघाडीचा खेळाडू होता. तो इतके गोल करायचा की काकांचा खांदा दुखायला लागला. काकूंनी तेल चोळून दिले. चोळून घेता घेता काका म्हणाले, "माणूस कामाचा आहे. आपल्या ताईसाठी बघायचं का?" मुलीने आधीच बघून ठेवले होते, त्यामुळे वेळ वाचला. लग्न झाले. त्याच वर्षी जावयाने शेवटच्या सामन्यात विजयी गोल केला आणि आमचा क्लब पहिल्या श्रेणीत गेला. त्या दिवशी काका मला पुसताना रडले. काकू म्हणाल्या, "फडकं ओलं करू नका, पत्रे गंजतील."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तोंड उघडलेच नसते.

पहिल्या श्रेणीसाठी विजेवर चालणारा गुणफलक हवा होता. तो आणला. पहिल्याच सामन्यात त्याने तापमान दाखवायला सुरुवात केली आणि नंतर तापमानाशिवाय काहीही दाखवायला नकार दिला. तापमान मात्र अचूक असायचे. म्हणून मला परत बोलावले. मला वाटले, आपले दिवस आले. खरे तर शून्याचे दिवस आले होते.

आम्ही घरच्या मैदानावर गोल करायचे विसरलो. परगावी संघ अधूनमधून एखादा गोल करायचा म्हणे, पण तो माझ्यापर्यंत पोचला नाही आणि ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणे माझ्या पेशात बसत नाही. जावई धावायचा, पडायचा, उठायचा. चेंडू खांबाला लागायचा. खांबाला लागून दुसऱ्या खांबाला लागायचा. एकदा त्याने मारलेला चेंडू गोलरक्षकाला चुकवून रेषेपर्यंत गेला आणि तिथे फुटून बसला. पंच म्हणाले, फुटलेल्या चेंडूचा गोल धरत नाहीत. नियम तसाच आहे. आमच्यासाठी बहुतेक नियम तसेच होते.

काका दर सामन्याआधी 'आम्ही'खाली शून्य लावत आणि सामन्यानंतर तेच शून्य काढत. पाहुण्यांच्या बाजूला मात्र ते भराभर आकडे बदलत. हंगाम निम्मा झाला तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांचा चार उतरवला, पुसला, हुकाला तेल लावले आणि ते शिडीवरून खाली आले.

"अहो, शून्य राहिलं," काकू म्हणाल्या.

"राहू दे. शनिवारी परत तेच लावायचंय."

"लावायचंय तर लावा. पण आज उतरवा."

"अगं, गुडघे दुखतात माझे. शून्यासाठी शिडी चढायची म्हणजे..."

काकूंनी पेटीचे झाकण जरा जोरात लावले.

आठवडाभर ते शून्य माझ्यावर राहिले. वाऱ्याने ते माझ्या फळीवर आपटायचे. टण्ण, टण्ण. जवळच्या घरातून तक्रार आली. मग काकांनी तार आणली आणि शून्य हुकाला करकचून बांधले, पकडीने पीळ दिला आणि टोके आत वळवली. काम नेहमीसारखेच नेटके होते. कुलूपवाल्याने बांधलेली गोष्ट सहज सुटत नाही.

मधल्या वारी सराव असायचा. समोर सामना नसायचा, प्रेक्षक नसायचे, पाहुणे नसायचे. तरी 'आम्ही'खाली शून्य असायचे. जावई पहिल्या दिवशी बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडे पाठ करून सराव करू लागला. आता तुम्हीच सांगा, मी काय करू शकत होतो? मला मान असती तर मी वळवली असती.

घरातही काही ठीक नव्हते. काका रागावले की फार अदबीने बोलतात. एका सामन्यानंतर ताई नवऱ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन माझ्याखाली उभी होती. जावई आला.

"या जावईबापू," काका शिडीवरून म्हणाले. "दमला असाल. बसा. तुम्हाला बसायची सवय नसेल तर पडा. पडायची आहे."

"बाबा, टोमणे नकोत," ताई म्हणाली.

"टोमणा कुठला? मी मान देतोय त्यांना."

"मान नको, बाबा. पूर्वीसारखं 'अरे' म्हणा," जावई म्हणाला. तो पाणी न पिताच गेला.

काकांनी शून्याच्या तारेवरून बोट फिरवले. तार गंजायला लागली होती. मला वाटले, सोडतील. पण पक्कड घरी होती.

अशा रीतीने शेवटचा सामना आला. आम्ही तळाजवळ होतो, पण पहिल्या श्रेणीत राहायचे तर बरोबरीही पुरेशी होती. शिवाय जावयाचा करार हंगामाबरोबर संपत होता. खाली गेलो तर क्लब त्याला ठेवणार नव्हता. त्याला दूरच्या एका क्लबकडून विचारणा होती. तो गेला तर ताईही जाणार. हे काकांना ठाऊक होते, काकूंना ठाऊक होते आणि मी त्यांच्या मागेच उभा असल्यामुळे मलाही ठाऊक होते.

घरून निघताना काकूंनी विचारले होते, "पक्कड घेतली का?" काका म्हणाले होते, "कशाला?" हे मला काकूंच्या पुढच्या बोलण्यावरून कळले.

पाहुण्यांनी लवकर गोल केला. काकांनी त्यांचा एक लावला. मग बराच वेळ काहीच झाले नाही, आणि ते आम्ही फार चांगले करतो. सामना संपत आला. लोक उठायला लागले. एवढ्यात पलीकडच्या टोकाला गर्दी झाली, जावई पाय घसरून खाली बसला, चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून उडाला आणि जावयाने बसल्या बसल्या डोके मारले. चेंडू जाळीत गेला. फुटला नाही. पंचांनी मध्यरेषेकडे हात केला.

एक-एक. मैदानात असा आवाज झाला की तापमानवाला फलकसुद्धा एक अंश वर गेला.

आमचे खेळाडू प्रघाताप्रमाणे माझ्याकडे धावत आले. अख्खा संघ. मी आमच्याच गोलमागे होतो, म्हणजे सगळे आपल्याच अर्ध्यात होते आणि नियमाने त्यात काही चूक नव्हती. ते ओळीने उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले. गोलरक्षकानेही माझ्याकडे तोंड करून हात वर केला. जावई मधोमध होता. तो हसत होता. कित्येक महिन्यांनी तो माझ्याकडे बघत होता.

काकांनी एकचा पत्रा उंच धरून दाखवला. मग तो काखेत धरून शून्य काढायला गेले. शून्य हलेना. त्यांनी ओढले. पिरगाळले. पायातली चप्पल काढून हाणली.

"पक्कड?" काकू खालून म्हणाल्या.

"घरी."

"मी विचारलं होतं."

"अगं, आत्ता नको."

काकांनी तारेला दात लावले. लोक आधी हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. सगळ्या संघाचे हात अजून वरच होते. फक्त जावयाचा हात खाली आला. शून्य चिकटलेले नाही, बांधलेले आहे, हे त्याला दिसले होते. कुणी बांधले तेही त्याला कळले, कारण तसा पीळ त्या भागात दुसरे कुणी देत नाही.

त्या गोंधळात पंचांनी शिट्टी वाजवली. ती आमच्यापैकी कुणाला ऐकू आली नाही. पाहुण्यांना आमचा प्रघात माहीत नव्हता. त्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन मध्यरेषेवरून निघाला. वाटेत अडवायला कुणी नाही म्हणून तो थोडा बावरलाही. मग चालतच आला आणि त्याने चेंडू हळूच आमच्या गोलमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, आमची बचावफळी झोपली होती. मित्रांनो, ती झोपली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

काकांनी पाहुण्यांचा एक उतरवून दोन लावला. तो आकडा लगेच बसला. त्या हुकाला तेल होते.

सामना संपला आणि आम्ही खालच्या श्रेणीत गेलो. माझ्यावर शून्य-दोन असे होते. मी आयुष्यात दाखवलेले हे एकमेव खोटे, आणि तेच सगळ्यांनी घरी जाताना वाचले.

मैदान रिकामे झाले. काकू घरी जाऊन पक्कड घेऊन आल्या. त्यांनी ती काकांच्या हातात दिली आणि शिडी धरली. काकांनी तार तोडली, शून्य उतरवले आणि एक लावला. टण्ण. समोर बघायला कुणी नव्हते.

मग मागच्या दारातून जावई आणि ताई आली. त्याच्या खांद्यावर बॅग होती. तो माझ्यासमोर थांबला.

"तार कधी बांधलीत, बाबा?"

काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "वाजत होतं रे ते वाऱ्यानं," ते म्हणाले. "म्हटलं, कशाला रोज..."

'रे' मात्र जावयाला ऐकू आला. तो त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. ती पायरी दोघांपुरती नव्हती, पण ते बसले.

"बसल्या बसल्या मारलास," थोड्या वेळाने काका म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, बसा म्हणून."

काकू पदराने डोळे पुसत हसल्या. ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तो एक आज राहू द्या ना."

काकांनी नकारार्थी मान हलवली. ते सावकाश शिडी चढले. एक उतरवला, दोन उतरवला, दोन्ही पत्रे पुसले. मग त्यांनी डाव्या हुकाला तेलाचा थेंब लावला. या वेळी तीन-चार थेंब पडले. एक ओघळ माझ्या 'आम्ही'वरून खाली आला. तो अजून तसाच आहे.

जावई आणि ताई त्याच महिन्यात दूर गेली. नव्या हंगामात आम्ही पुन्हा खालच्या श्रेणीत खेळू. काका अजून येतात. हंगाम नसतानाही दर शनिवारी ते शिडी चढतात आणि रिकामा हूक पुसून जातात. पक्कड आता त्यांच्या खिशातच असते.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाचे तरी शून्य लटकलेले असेल. भावाचे, मैत्रिणीचे, कदाचित तुमचे स्वतःचे. ते उद्या परत लावावे लागेल, हे मला मान्य आहे. परवाही लावावे लागेल. तरी संध्याकाळी ते उतरवा, पुसा, पेटीत ठेवा आणि हुकाला थेंबभर तेल लावा. गुडघे दुखत असले तरी शिडी चढा. एक दिवस कुणीतरी हात वर करून तुमच्याकडे बघत असेल.