घंटेतली चिंधी

मी लोलक बोलतोय. पितळी घंटेच्या पोटात लोंबणारा, बोटाएवढा लोखंडी लोलक. लोकांना घंटा दिसते, आवाजही ते तिच्याच नावावर घालतात. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

आधी मी कोयत्याचं टोक होतो. बांबू तोडताना कोयता दगडावर बसला आणि मोडला. गावच्या लोहाराने तो तुकडा तापवला, ठोकला, एका टोकाला भोक पाडलं आणि मला घंटेत टांगलं. आमच्या जपानातल्या अकिताच्या डोंगरात घंटेशिवाय कुणी रानात शिरत नाही. माणूस येतोय हे लांबून कळलं की अस्वल आपणहून बाजूला होतं. अचानक समोरासमोर आलं तर मात्र दोघंही घाबरतात, आणि घाबरलेल्या अस्वलापुढे माणसाचं काही चालत नाही.

कोयता हात्सु म्हातारीचा, म्हणून मीही तिचाच. चाळीस वर्षं तिने मला कमरेला बांधून अळंबी गोळा केली. तिच्यामागे मी तिच्या लेकीकडे, तोमिएकडे आलो. तोमिएने स्वतःला बाजारातली नवी घंटा घेतली आणि मला नवऱ्याच्या पिशवीला बांधलं.

नवरा शिगेझो. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेरा हातात धरला. रोज पहाटे तो डोंगरावरच्या तळ्याकाठी जनावरं शोधायला जायचा.

"येताना पुलावर घंटा वाजली की मी भात वाढायला घेईन," तोमिए म्हणाली होती.

आता फोटो काढणाऱ्याचं आणि माझं कसं जमावं? मी वाजलो की तळ्यावरचं सगळं पांगायचं. म्हणून एकदा शिगेझोने बायकोच्या जुन्या एप्रनचा खिसा कापला आणि ती चिंधी घंटेत कोंबली. पूल ओलांडला की चिंधी आत. परतताना पुलाअलीकडे चिंधी बाहेर. घरी आवाज पोचायचा, वाफाळता भात पानात पडायचा. मला ते बरं वाटत नसे. पण मी सांगणार कुणाला?

सात वर्षं गेली. बदकं मिळाली, कोल्हा मिळाला, अस्वल काही मिळालं नाही. त्याला अस्वलच हवं होतं.

"सात वर्षांत बदकंच आणलीत," तोमिए म्हणायची. "ती आपल्या पाटातही पोहतात."

"येईल गं अस्वल. त्याला ठाऊक आहे मी कुठे बसतो."

"हो, पत्ता देऊन आला असाल. पोस्टातलेच ना तुम्ही."

त्या सकाळी तळ्यावर धुकं होतं. कोवळ्या बांबूच्या कोंबांचे दिवस. शिगेझो एका पडलेल्या खोडाआड बसला होता, पिशवी गुडघ्याला टेकलेली. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. समोरच्या उतारावर कोंब मोडत होते. कट्. मग चावल्याचा आवाज. मग पुन्हा कट्.

शिगेझोने कॅमेऱ्याचं झाकण हळूच काढलं.

पुढचं त्याने नंतर इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे. धुक्यातून अस्वल बाहेर आलं, मागे पिल्लू. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, बोट बटणावर ठेवलं. आणि अस्वलाच्या पुढ्यात, तीसेक पावलांवर, बांबूत एक पांढरा रुमाल हलला. डोक्याला बांधलेला. कुणीतरी पाठमोरं वाकून कोंब काढत होतं. अस्वल खात खात तिकडेच सरकत होतं. दोघांच्याही माना खाली.

कॅमेरा गवतात पडला. त्याने चिंधी उपसली, पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि हलवत सुटला. मी इतका कधी वाजलो नव्हतो.

रुमाल ताठ झाला. अस्वलाने मान वर केली, एकदा फुसकारलं आणि पिल्लाला घेऊन वर रानात निघून गेलं. तळ्यावरची बदकंही उडाली.

खाली आली ती तोमिए. पाठीला टोपली.

"तुझी घंटा कुठंय?" शिगेझोने विचारलं.

"खिशात. फडक्यात गुंडाळून."

"खिशात? हात्सुआईची लेक ना तू?"

"वाजली तर तुमची जनावरं पळतील. कोंबांना आले की पुलापाशी काढूनच ठेवते. तीन वर्षं झाली."

शिगेझोने हातातली चिंधी वर धरली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"उंदराने खिसा इतका सरळ कापला नसता."

तो खोडावर बसला. तीही बसली. त्याच्या डब्यातला भाताचा गोळा दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला.

"फोटो निघाला?" तिने विचारलं.

"नाही."

"बदकांचा तरी?"

"तीही गेली."

घरी गेल्यावर तोमिएने ती चिंधी धुतली आणि जुन्या एप्रनला परत शिवली. थोडी तिरकी बसली आहे.

मी आता एका बाजूने झिजलोय, आवाज बसलाय. जाता जाता एवढंच सांगतो. रानात जाल तर वाजत जा. ज्याला दूर व्हायचंय त्याला होऊ द्या, आणि आपलं माणूस जवळपास असेल तर त्यालाही कळू द्या.

शिगेझोला अस्वल मिळालं नाही. हल्ली तोमिए रोजच त्याच्याबरोबर तळ्यावर येते. दोन घंटा वाजत पूल ओलांडतात, त्यामुळे जनावर असं काही दिसत नाही. आणि भात वाढायला घरी कुणी नसतं, म्हणून तोही डब्यात सोबत नेतात.