जुळणारी खरखर

"साहेब, मुलाला आत टाकलं तरी त्या घरातली खरखर अजून चालूच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे साथीदार असणार," साहेबांनी कप खाली न ठेवताच निकाल दिला. "आत टाकलेला माणूस थोडाच संदेश पाठवणार!"

चोरून पाठवलेले रेडिओसंदेश हुडकण्याच्या त्या कचेरीत तिला सगळे 'कानवाली' म्हणत. साधी खरखर स्वतःशी कधी जुळत नाही. यंत्राच्या पडद्यावर त्या खरखरीचा तुकडा जरा सरकवून तिच्यावरच ठेवला आणि तो जुळून उंच टोक उठलं, की समजायचं, आत कुणीतरी लपून बोलतंय. त्या घरातली खरखर जुळली होती. पत्ता तिनेच काढून दिला, आणि तिथला मुलगा उचलला गेला. तेव्हापासून ती मेली खरखर तिची पाठ सोडत नव्हती. नळ सोडला तरी तीच, कढईत तेल तापलं तरी तीच. नवरा म्हणायचा, "अगं, कधी माझंही ऐक!" तिला हसूसुद्धा येत नसे.

सुटीच्या दिवशी पिशवीत छोटा रिसीव्हर घालून ती त्या घरी गेली. मुलाची म्हातारी आई नाकाला नळी लावून पडली होती. खाटेपाशी श्वासाचं स्वस्तातलं मशीन घुरघुरत होतं. रिसीव्हर त्याच्याजवळ नेताच खरखर कान फाडू लागली. लपून बोलणारं कुणी नव्हतंच. मशीनच आपलं तेच तेच घोकत बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कपाळाला हात लावला. "पुरावा काय? मशीन बंद केल्यावर पडदा कोरा झाला, तरच मला वर काही बोलता येईल."

तिने म्हातारीला फोन लावला. सगळं सांगितलं, चूक आपली, हेही सांगितलं.

"एवढंच ना? करते बंद," म्हातारी म्हणाली.

"आजी, मिनिटभरच हं. मी म्हटलं की लगेच लावायचं."

बटण दाबल्याचा आवाज आला. पडद्यावरचं उंच टोक खाली बसलं.

"बघा साहेब, गेलं!"

"गेलं खरं." साहेब सहीसाठी पेन शोधू लागले. "सोडायला सांगतो त्याला."

"आजी, झालं! लावा आता."

पलीकडून नुसती धाप ऐकू येत होती.

"आजी, ऐकताय ना? मशीन लावा!"

"घरी आला का तो? आला की लावते," म्हातारी म्हणाली. पडदा अजून कोराच होता.